गट नंबर ३४७ कुठे आहे?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आईचं, बहिणीचं आणि माझं नाव लागलं. वडिलांच्या मागे वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आणि मग घरात एक साधा प्रश्न निघाला: हे शेत नेमकं आहे कुठे? सातारा जिल्ह्यातलं गाव माहीत, गावातलं घर माहीत, शेतावर लहानपणी गेल्याचं अंधुक आठवतं. आई सांगते, "ओढ्याच्या अल्याड, चिंचेपाशी." ती चिंच कधीच पडली, असं चुलत्यांनी फोनवर सांगितलं. वडिलांनी शेवटची बरीच वर्षं जमीन पडीकच ठेवली होती. कुणाला कसायला दिली तर कूळ लागेल, ही त्यांच्या पिढीची भीती.

तिथपासून मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात येईपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. पुण्यात नोकरी करत, सुट्ट्या जुळवत हे केलं. आमच्यासारखंच कुणाला शहरात बसून सुरुवात करायची असेल तर उपयोग होईल म्हणून क्रमाने लिहिते आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, गट नंबरही बदलले आहेत.

पहिली पायरी महाभूलेखची, म्हणजे राज्य सरकारच्या जमीन-उताऱ्यांच्या संकेतस्थळाची. विनास्वाक्षरीचा सातबारा तिथे फुकट दिसतो. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मोबाइल नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा. गट नंबर माहीत नसेल तर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव यांवरून शोधता येतं. इथे माझा सल्ला असा की संपूर्ण नावाच्या वाटेला जाऊच नका. जुन्या नोंदींत ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, 'राव' लावलं की नाही, यांतलं काहीही इकडचं तिकडे असू शकतं. नुसतं आडनाव टाका आणि यादी वाचत जा. अर्धं गाव एकाच आडनावाचं असलं तर यादी लांब होते, पण सापडतं नक्की. आणि सातबाऱ्याआधी ८-अ काढा. ८-अ म्हणजे खात्याचा उतारा, एका खात्यावर गावात कुठले कुठले गट आहेत ते त्यात एकत्र दिसतं. आम्हाला वाटत होतं एकच शेत आहे, आणि निघालंही एकच: गट ३४७, क्षेत्र ०.६२ हेक्टर आर. म्हणजे बासष्ट आर. गुंठ्यात सांगायचं तर एकसष्ट गुंठे आणि थोडं वर, एक एकर एकवीस गुंठे.

हा फुकटचा उतारा फक्त माहितीपुरता असतो, कुठल्याही अर्जाला चालत नाही. अर्जासाठी डिजिटल स्वाक्षरीचा लागतो, त्याचे पंधरा रुपये. मोबाइलवर ओटीपी घेऊन लॉगिन करायचं, आधी खात्यात थोडे पैसे भरून ठेवायचे आणि त्यातून एकेक उतारा काढायचा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो टाकून समोरचा माणूस उतारा खरा आहे का ते बघू शकतो. मी शंभर रुपये भरून ठेवले होते, ते पुढे कामाला आले. का ते सांगतेच.

मग महाभूनकाशा. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या भू-नकाशा या प्रणालीवर चालणारं हे संकेतस्थळ, राज्यातल्या गावांचे गटवार नकाशे त्यावर आहेत. डाव्या बाजूला ग्रामीण की शहरी, मग जिल्हा, तालुका, गाव. गाव निवडताना बुद्रुक आणि खुर्द नीट बघा, आमच्या तालुक्यात एकाच नावाची दोन गावं आहेत. गाव निवडलं की उजवीकडे सगळ्या गावाचा नकाशा उघडतो, आणि पहिल्यांदा तो बघताना छातीत धस्स होतं. शेकडो तुकडे, प्रत्येकात एक बारीकसा आकडा, ना रस्त्याचं नाव, ना देऊळ, ना शाळा. गट नंबर टाकून शोधलं की त्यातला एक तुकडा रंगतो. ३४७ रंगला. वर जरा रुंद, खाली निमुळता, पूर्वेची कड वाकडीतिकडी. मी तो आईला दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हा आपला? मला तर चौकोनी आठवतोय."

बाजूला त्या गटाची माहिती येते: खातेदारांची नावं, क्षेत्र. ती सातबाऱ्याशी ताडून घ्यायची. मग नकाशा अहवालाचा पर्याय आहे, त्यातून त्या एका गटाची पीडीएफ मिळते. तिच्यात आपल्या गटाभोवती कुठले गट लागून आहेत ते दिसतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच. आपलं शेत कुठे आहे हे या नकाशावरून कळत नाही, पण आपले शेजारी कोण ते कळतं. शेजारी कळले की पुढचं सगळं त्यांना विचारता येतं.

आमच्या चतुःसीमा अशा निघाल्या: उत्तरेला ३४८, पश्चिमेला ३४६, पूर्वेला ओढा, दक्षिणेला ३५२. शंभर रुपयांतले उरलेले इथे संपले, मी या सगळ्यांचे सातबारे काढले. (फुकटचेही चालले असते. पण पुढे अर्जात लगतधारकांची नावं बिनचूक द्यायची होती, म्हणून सहीचे घेतले.) ३४६ वर एकच नाव. ३४८ चं गणित वेगळं: नकाशात तो एक अखंड तुकडा, आणि सातबारे मात्र तीन, ३४८/१, ३४८/२, ३४८/३. आपापसात वाटप झालं, फेरफार पडला, उतारे वेगळे झाले, पण पोटहिस्स्याची मोजणी कुणी केली नाही. त्यामुळे त्या हिस्स्यांच्या रेषा कुठल्याच नकाशात नाहीत. आमच्या बांधाला नेमका कुणाचा हिस्सा लागतो ते कागदावरून सांगता येईना. महाराष्ट्रात ही स्थिती अपवादाची नाही, नेहमीची आहे. तुमच्या स्वतःच्या गट नंबरात ३४८/१ सारखी तिरकी रेघ असेल आणि नकाशात हिस्सा दिसत नसेल तर घाबरू नका. पण हद्द कायम करण्याआधी पोटहिस्सा मोजणी करावी लागणार, हे धरून चला. तिला सगळ्या सहधारकांना बरोबर घ्यावं लागतं.

दक्षिणेचा ३५२ उघडला तर खातेदाराच्या जागी 'महाराष्ट्र शासन' आणि इतर हक्कात 'गुरचरण'. म्हणजे गायरान. माझा जीव भांड्यात पडला. निदान एका बाजूने तरी भांडणारं कुणी नाही, असा माझा हिशेब होता.

सप्टेंबरचे शनिवार-रविवार मी उपग्रह नकाशावर घालवले. गावाचा गटनकाशा आणि उपग्रहाचं चित्र यांचा मेळ घालायचा तर न हललेल्या जागा धराव्या लागतात. झाड, विहीर, विजेचा खांब उपयोगाचे नाहीत. ओढ्याची वळणं, गावठाणाचा कोपरा, शेजारच्या गावाची शीव, या गोष्टी टिकलेल्या असतात. मी गटनकाशाची छपाई काढली, बटरपेपरवर ओढा आणि गावठाण गिरवलं आणि तो कागद लॅपटॉपच्या पडद्यावर धरून उपग्रहाचं चित्र लहानमोठं करत बसले. ओढ्याला एके ठिकाणी कोपरासारखं वळण आहे, तिथून मोजत आले तेव्हा पडीक, तपकिरी, काटेरी झुडपांचा एक तुकडा समोर आला. आकार जुळत होता. कडेचे बांध बऱ्यापैकी दिसत होते. त्यावर मोजपट्टीचं साधन फिरवून क्षेत्र काढलं तर चौसष्ट गुंठ्यांच्या जवळपास आलं. सातबारा एकसष्ट सांगतो. तीन गुंठे जास्त! बहीण म्हणाली, छान की. मला मात्र ते तीन गुंठे खुपत राहिले. जमीन आपोआप वाढत नाही.

दिवाळीत गावाला गेलो. फोनमध्ये त्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या खुणा करून ठेवल्या होत्या, त्यांच्या मागे चालत गेलो. आमच्या भावकीतले तात्या सोबत आले. त्यांनी फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ओढा ओलांडला आणि काठीने दाखवलं, "ह्यो तुमचा बांध. हितनं तितवर." मी फोन पाहिला. दहा-पंधरा फुटांच्या फरकाने तीच जागा. तेवढा फरक फोनच्या जीपीएसचाच असतो, म्हणून फोन हातात धरून शेजाऱ्याशी हद्दीचा वाद घालायला जाऊ नये.

जमीन सापडली, पण तिथवर पोचायला तिघांच्या रानातून, उसाच्या सरीतून जावं लागलं. वडील बैलगाडी आणायचे, म्हणजे गाडीवाट असणारच. तात्यांना विचारलं. "व्हती की. गायरानाच्या कडंकडंनं गावापातूर. आता कोन ठेवतंय? नांगर फिरला." महाभूनकाशावर त्या वाटेचा मागमूस नव्हता. तिथे आमच्या गावाच्या गटांच्या हद्दी तेवढ्या आहेत.

म्हणून डिसेंबरात भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात गेले. ऑनलाइनचं काम इथे संपलं आणि कागदाचं सुरू झालं. मला काय हवं होतं ते आधी लिहून नेलं होतं, आणि तुम्हीही न्या: मूळ गावनकाशाची नक्कल, गट बुकाचा उतारा, एकत्रीकरणाच्या वेळचा जुना सर्व्हे नंबर, त्या सर्व्हे नंबरचं टिपण (मोजणीच्या वेळी काढलेली आकृती), आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद). 'जुने कागद द्या' असं म्हटलं तर कुणीही हात हलवत नाही. नाव घेऊन मागितलं की अर्ज कुठे करायचा ते तरी सांगतात. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प, सोबत सातबारा आणि ओळखपत्र. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, जुना सर्व्हे नंबर किती?" मी म्हटलं, तोच शोधायला आले आहे. ते हसले आणि एकत्रीकरणाचं पत्रक काढायला आत गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांच्या काळात मोजणी झाली ती सर्व्हे नंबरांची. नंतर १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव योजना राबवल्या गेल्या आणि जिथे त्या झाल्या तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोकणात बऱ्याच ठिकाणी ती योजना झालीच नाही, तिथे आजही सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतात. आमच्याकडे झाली. त्यामुळे ३४७ च्या पोटात जुन्या एका सर्व्हे नंबरचा तुकडा आहे, आणि मूळ मापं त्या जुन्या नंबरच्या नावाने ठेवलेली आहेत. काही जिल्ह्यांचे असे जुने अभिलेख आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले मिळतात, तुमचं गाव त्यात आहे का ते आधी बघा. मला कार्यालयातूनच घ्यावे लागले, आणि नकला मिळायला तीनेक आठवडे लागले. एकदा रेकॉर्डचे कर्मचारी रजेवर, एकदा झेरॉक्स बंद. सगळ्या नकलांचे मिळून काहीशे रुपये झाले.

टिपण हातात आलं आणि मी बसस्टँडच्या बाकावरच ते उघडून बसले. एक हाताने काढलेली आकृती. मधून एक सरळ पायारेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंना बांधाच्या वळणांपर्यंत टाकलेले लंब, आणि प्रत्येक रेषेवर मराठी आकडे: ७-४, २-११, १-९. कडेला मोडीत दोन ओळी. हे आकडे फुटांत नाहीत, साखळी आणि आण्यांत आहेत. एक साखळी म्हणजे ३३ फूट, आणि साखळीचे आणे सोळा. गुंठासुद्धा याच साखळीचा, ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. तर ७-४ म्हणजे सात साखळ्या चार आणे: २३१ फूट आणि वर सव्वाआठ फूट, मिळून २३९ फूट ३ इंच. साधारण ७३ मीटर. मी फोनवर उपग्रह नकाशा काढला आणि ओढ्याकडच्या बाजूने उत्तरेच्या कोपऱ्यापासून गायरानाच्या कोपऱ्यापर्यंत मापलं. ७३ ऐवजी ७५ च्या पुढे जात होतं. तीन गुंठ्यांचा वास इथून यायला लागला.

ही पद्धत इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली. सातारा तेव्हा छत्रपतींच्या गादीकडे होतं, १८४८ ला ते खालसा झालं आणि मग मोजणीदार इकडे आले. त्या माणसांनी उन्हात साखळी ओढत घेतलेली मापं आज फुटा-दोन फुटांच्या फरकाने जुळतात, याचं मला अजून नवल वाटतं. मोडीतल्या ओळी पुण्यात एका जाणकारांकडून वाचून घेतल्या. 'पूर्वेस वोढा', 'दक्षिणेस गुरचरण', एवढंच होतं. त्याचे त्यांनी पाचशे रुपये घेतले आणि ते रास्तच होते.

गावनकाशाच्या नकलेत गाडीवाट होती. गायरानाच्या उत्तर कडेने, आमच्या दक्षिण बांधाला चिकटून, तुटक दुहेरी रेषा, गावठाणापासून ओढ्यापर्यंत. गावनकाशात दुहेरी तुटक रेषा गाडीमार्गाची, एकेरी तुटक रेषा पायवाटेची. एवढं एक लक्षात ठेवलं तरी जुना नकाशा निम्मा वाचता येतो. वाट शोधायची दुसरी जागा सातबाऱ्यावरची, पोटखराब्याची, म्हणजे लागवडीत न धरलेल्या क्षेत्राची. वर्ग 'अ' म्हणजे लागवडीला निरुपयोगी, खडक वगैरे. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, ओढा, तळं अशा सार्वजनिक कामाखालचं क्षेत्र. शेजाऱ्याच्या उताऱ्यात 'ब' दिसला तर त्याच्या गटातून काहीतरी सार्वजनिक जातंय असं समजा आणि गावनकाशात ते शोधा.

जानेवारी २०२५ मध्ये ई-मोजणी २.० या भूमी अभिलेखच्या ऑनलाइन प्रणालीवर हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. २०२४ च्या अखेरीपासून मोजणीचे प्रकार दोनच झाले आहेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,०००. आम्हाला घाई नव्हती, नियमित घेतली. अर्ज घरबसल्या होतो, चलन ऑनलाइन भरता येतं, पुढे मोजणी रजिस्टर नंबर मिळतो आणि तारीख, भूकरमापकाचं नाव एसएमएसने येतं. हे सगळं सुरळीत झालं, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते लगतधारकांच्या पत्त्यांवर. अर्जात त्यांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात, कारण त्यांना नोटीस जाते. सातबाऱ्यावर नाव असतं, पत्ता नसतो. शिवाय ३४८ च्या तीन हिस्स्यांवर मिळून अकरा नावं, त्यातली काही माणसं हयात नाहीत, दोघी लग्न होऊन गेलेल्या, एक जण मुंबईला. तात्यांनी एका बैठकीत सगळं सांगितलं, कोण कुणाचा, कोण कुठे. त्यांच्यावाचून मी तिथेच अडकले असते. गायरानासाठी ग्रामपंचायत आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठीच, यांना नोटीस जाईल असं केलं. एक करा: नोटिशीआधी शेजाऱ्यांना स्वतः फोन करा. सरकारी पाकीट थेट दारात गेलं की समोरच्याला वाटतं, हे भांडायला निघाले. मी ३४८ वाल्यांना म्हटलं, "काका, आमचं आम्हालाच माहीत नाही कुठवर आहे, म्हणून मोजतोय." ते म्हणाले, "मोजा की. आमचंबी कळंल त्या निमित्तानं."

पहिली तारीख मार्चमधली होती, ती ऐन वेळी पुढे गेली. रजा वाया गेली, गाडीभाडं वाया गेलं. शेवटी मे महिन्याच्या मध्यावर, उन्हाने जमीन भेगाळलेली असताना मोजणी झाली. मोजणीला खुणांचे दगड, चुना, पहार आणि एक-दोन मजूर आपणच आणायचे असतात. झाडोरा असेल तर बांधावरची झुडपं आदल्या दिवशी साफ करून घ्या. दोन मजुरांची हजेरी, दगडांची वाहतूक आणि चुना धरून हा खर्च मोजणीच्या फीपेक्षा जास्त झाला.

भूकरमापक तरुण होते. हातात रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेला उपग्रहाचा अँटेना. राज्यात ७७ कायमस्वरूपी स्थानकं उभारलेली आहेत, त्यांच्याकडून मिळणाऱ्या दुरुस्तीमुळे हे यंत्र काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतं. मला वाटलं होतं ते सरळ आमच्या शेतात येतील. ते आधी भलतीकडेच गेले, शिवेवरच्या दगडाकडे, मग गावठाणाच्या कोपऱ्याला, मग ओढ्याच्या वळणाला. जुन्या नकाशातल्या पक्क्या खुणा आधी धरायच्या, त्यांवर नकाशा बसवायचा आणि मग गटाकडे यायचं. मी बटरपेपरवर जे करत होते तेच, फक्त नीट. वहिवाटीचे, म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे बांध त्यांनी वेगळे टिपले आणि अभिलेखाची हद्द वेगळी. माझ्याकडच्या टिपणाच्या नकलेकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही काढलंत? चांगलं केलंत." कार्यालयाची प्रत त्यांच्याजवळ होतीच.

उत्तरेचा बांध, ज्याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती, जवळजवळ जिथल्या तिथे निघाला. ३४६ कडचाही. फरक दक्षिणेला. आमचा बांध गायरानात सात-आठ फूट पुढे सरकलेला. पंच्याऐंशी मीटर लांबीला ते दोन गुंठ्यांच्या जवळपास जातं. कुणी सरकवला, कधी, ते आता कुणी सांगू शकत नाही. वडिलांनी, आजोबांनी, की नांगराने दरवर्षी सरीभर. आणि वाट बुजली होती ती त्याच पट्ट्यात. पलीकडून दुसरे आले, अलीकडून आम्ही. मधली गाडीवाट दोघांनी मिळून खाल्ली.

बहिणीने विचारलं, आता? गायरान ही गावाची सामाईक जमीन. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तसा शासन निर्णय काढला. तलाठ्याकडे नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवहीच असते. पण खरं सांगायचं तर हे सगळं नंतर सुचलं. तिथे उभं असताना एवढंच दिसत होतं की जी वाट आम्हाला हवी आहे तिच्यावरच आमचा बांध आहे. दगड मापाच्या हद्दीवर रोवले, चुना टाकला. जबाब लिहिला गेला, हजर लगतधारकांच्या सह्या झाल्या. ३४८ मधल्या एकांनी सही केली नाही, "भाऊ मुंबईला हाय, त्याला इचारून." सही नसली तरी मोजणी अडत नाही, तशी नोंद होते.

क-प्रत जुलैमध्ये मिळाली. ती म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा: अभिलेखाची हद्द, वहिवाटीची हद्द, दोन्हींतला फरक, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. तिच्याबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. क-प्रत मालकी ठरवत नाही आणि कुणाचं अतिक्रमण आपोआप हटवत नाही. त्यासाठी तहसीलदार किंवा दिवाणी न्यायालय. आणि मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचे अधिकारी करतात. तिची फी वेगळी.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र, आकारबंदातलं क्षेत्र आणि क-प्रतीतलं क्षेत्र आमच्याकडे जुळलं. जुळलं नसतं तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता. लेखनातल्या चुका त्यात निघतात. क्षेत्राचा खराखुरा वाद मात्र त्यात सुटत नाही, हे एका वकील मैत्रिणीने बजावलं.

राहिली वाट. अस्तित्वात असलेली वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमची वाट मोडून कित्येक वर्षं झाली, तो उपाय बंद. वाटच नसेल तर संहितेचं कलम १४३, शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता मागण्याचं. मैत्रिणीचं म्हणणं असं की आमची वाट कुणाच्या बांधावरून नाहीच. ती गायरानातून जाते, गावनकाशात आहे, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन नकाशातली वाट मोकळी करून मागा. त्याप्रमाणे अर्ज दिला आहे. सोबत गावनकाशाची नक्कल, ३५२ चा सहीचा सातबारा, क-प्रत, आणि आमचा बांध आम्ही स्वखर्चाने मागे घेतल्याचे फोटो. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा पलीकडच्या शेतकऱ्याने नकाशा मागून घेतला, बराच वेळ वाचला आणि विचारलं, "ह्यी दुहेरी रेघ म्हंजे आमच्या उसातनं जातीया का?"

जाते. म्हणून पाडव्यापर्यंत, त्यांचा ऊस तुटेपर्यंत थांबायचं ठरलं आहे. ठरावात तशी तारीख घालून घेतली आहे. तोवर ३४७ मध्ये जायचं ते तात्यांच्या रानातून, चालत.